पाठीचे फोटो

मी डहाणूत कॉम्प्युटर क्लास चालवते. स्टेशनच्या पूर्वेला, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. क्लासमधली एखादी मुलगी घाबरून म्हणते, "मॅडम, हा आपोआप काहीतरी करतोय." माझं उत्तर ठरलेलं असतं, आपोआप काही होत नाही, कुणीतरी बटण दाबलेलं असतं. भुताखेतांबद्दलही माझं मत हेच. या ग्रुपवरचे भुतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचे. प्रतिक्रिया कधी दिली नाही, कारण ज्याने लिहिलंय त्याला कशाला दुखवा...

आज मी लिहिते आहे. यातही एक बटण मीच दाबलं होतं, ते आधीच सांगते. पुढचं कुणी दाबलं ते मला माहीत नाही.

आमचं घर मसोलीत. बैठं, कौलं काढून स्लॅब टाकलेलं, मागे चिकूची थोडी झाडं. वडील गेल्यावर आई आणि मी दोघीच. माझं लग्न झालं नाही. थोरला भाऊ — दादा — पुण्याला असतो. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा दादा म्हणाला, "पुण्याला आणू, तिथे अशा पेशंटची सोय असते." मी म्हटलं, गरज नाही. "माझ्या हाताखाली आईला काही होणार नाही," असं मी फोनवर म्हटलं होतं. वहिनी स्पीकरवर ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बघा हं... शब्द दिलाय तुम्ही."

क्लास सोडणं शक्य नव्हतं, म्हणून बाई ठेवली. रमिला. तलासरीच्या पुढे उधव्याच्या बाजूला तिचा पाडा. ती आमच्याकडेच राहायची, महिन्यातून एकदा घरी जाऊन यायची. तिशीची असेल. दिसायला हडकुळी, पण आईला कुशीवर करायची ते असं, की आईची झोप मोडायची नाही. आईचं बोलणं जड झालं होतं. मला निम्मं कळायचं, रमिलाला सगळं. दोघी दुपारभर काहीतरी बोलत आणि हसत असायच्या. मी विचारलं तर रमिला म्हणायची, "काय नाय ताई, आजी तुमच्या लहानपणाचं सांगते."

तिची एक पद्धत होती. गावाहून परत आली, की पिशवी ठेवून, हातपाय धुऊन आधी आईचा गाऊन वर करायची, पाठ बघायची, आणि पाठीचा फोटो काढायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चिडले.

"हे काय गं? आईचे असले फोटो कशाला?"

"ताई, बोर्डीकडे होते ना मी आधी, तिथल्या बाबांना पाठीला जखम झाली. मी गावाला गेलेली तेव्हा. आल्यावर माझ्यावरच घातली. म्हणून आता आले की पयला फोटो. कोणाला दाखवत नाय. पाठ चांगली, तर चांगली."

तिचं चूक नव्हतं.

हे फोटो ती माझ्याच जुन्या फोनवर काढायची. तिचा बटणांचा फोन बंद पडला होता आणि माझा जुना स्मार्टफोन कपाटात पडून होता, तो मी तिला देऊन टाकला. या फोनची वायर लावायची जागा सैल झाली होती. चार्जिंग कसंबसं व्हायचं, पण कॉम्प्युटरला जोडला की तुटायचा. म्हणून माझ्याकडे असताना मी त्यात एक अ‍ॅप टाकलं होतं. हे अ‍ॅप चालू केलं की फोन स्वतःच एक लहानसा सर्व्हर होतो आणि आकड्यांचा एक पत्ता दाखवतो. तो पत्ता घरच्या कॉम्प्युटरवर टाकला की फोनमधल्या सगळ्या फाइली समोर. वायर नको, काही नको. कॉपी करा, नाव बदला, पुसा. अट एकच, फोन आणि कॉम्प्युटर एकाच वाय-फायवर हवेत, म्हणजे फोन घरात हवा. मी त्यात 'घरचं वाय-फाय मिळालं की आपोआप सुरू' असं सेटिंग करून ठेवलं होतं, आणि डेस्कटॉपवर एक शॉर्टकट. नाव दिलं होतं 'जुना फोन'.

रमिलाला देताना ते अ‍ॅप काढायचं राहिलं. हे मात्र खरंच विसरले होते.

एका रविवारी डेस्कटॉप आवरताना त्या शॉर्टकटवर क्लिक झालं आणि फोल्डर उघडलं. रमिलाची मुलगी, रमिलाची सासू, पाड्यावरचा हातपंप, आमची आई तोंडाला पावडर लावून हसतेय. मी तेव्हाच ते बंद करायला हवं होतं, रमिलाला हाक मारून "इकडे आण गं फोन" म्हणायला हवं होतं. ते काही मी केलं नाही. नंतर रोज, चहा घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलं की आधी ते फोल्डर उघडायची सवय लागली. शेजारच्या खोलीत ती आईला भरवत असायची आणि मी इथे तिचे फोटो बघत असायचे. दुसऱ्याच्या घरात चप्पल काढून हळूच फिरावं, तसं. वाईट हेतू नव्हता... पण हेतू काय होता, तेही सांगता येत नाही.

चैत्राच्या सुमाराला रमिलाने सुट्टी मागितली.

"लगीन हाये ताई."

"कुणाचं?"

"माझं."

मी बघतच राहिले. "अगं, तुझी मुलगी चौथीत आहे ना?"

"हो मग. ती पण येल लगनाला." रमिला हसायला लागली. "आमच्यात असं चालतं. आधी घर करतात, जमेल तेव्हा लगीन. आता दिराचं ठरलं. धाकट्याला हळद लागायच्या आधी थोरल्याला नको लागायला? म्हणून एकाच मांडवात दोघांचं."

आईने आतून काहीतरी म्हटलं. रमिला पदर तोंडाला लावून लाल झाली. "काय म्हणाली?" मी विचारलं. "आजी बोलते... नवरा पारखून घेतलास, ते बरं केलंस." आणि तेव्हापासून आई तिला 'नवरी' म्हणायला लागली. हा शब्द मलाही स्पष्ट कळायचा.

ती आठवडाभर गेली. जाताना मला दाखवून गेली — दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, ओलं राहू द्यायचं नाही. मी म्हटलं, मला माहीत आहे. माहीत होतंच. त्याच आठवड्यात क्लासच्या परीक्षा होत्या. सकाळी आईला सरळ निजवून, डायपर घालून मी निघायचे आणि मधे शेजारच्या काकूंना "जरा डोकावा" सांगायचे. काकू डोकावायच्या आणि दारातून "बऱ्या आहात ना?" विचारून जायच्या. आई काही म्हणायचीही, पण त्यांना ते कळायचं नाही. संध्याकाळी माझी पाठ मोडलेली असायची. माकडहाडाजवळ लाल डाग दिसला तो मी पाहिला. पावडर लावली. दुसऱ्या दिवशी तो जांभळा होता. मी गाऊन खाली ओढला. मला तेव्हा काय वाटलं, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे, काहीच वाटलं नाही. कपडे वाळत घालायचे होते.

रमिला परत आली. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, अंगाला अजून हळदीचा वास. आई "नवरी, नवरी" करत होती. रमिलाने गाऊन वर केला आणि थांबली. मग फोटो काढला. मी दारात उभी होते.

"ताई, हे कधीपासून?"

"काय? दाखव... अगंबाई. काल तर नव्हतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं. "बरं," म्हणाली आणि कोमट पाणी आणायला गेली.

त्याच संध्याकाळी मी तिला म्हटलं, "लग्नातली हिरवी साडी छान होती तुझी." विषय बदलायला म्हटलं होतं. ती पाण्याचं भांडं उचलून आत गेली. तिने मला लग्नाचा एकही फोटो दाखवला नव्हता, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

ती रोज ड्रेसिंग करायची आणि रोज फोटो काढायची. मी रोज ते कॉम्प्युटरवर बघायचे. पण जखम खोल होती, आई मधुमेही. ताप चढला. डॉक्टर घरी येऊन गेले आणि त्यांनी दादाला फोन करायला सांगितलं. दादा आणि वहिनी गाडी काढून निघाले. ते मनोरच्या पुढे आले असतील, तेव्हा मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि 'जुना फोन' उघडलं. रमिला लग्नाहून आली त्या दिवसाचा फोटो सिलेक्ट केला. त्याच्यावर तारीख होती. त्यानंतरचे दोन-तीनही घेतले. डिलीट.

या रस्त्याने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. गेली ती गेली. हे मी स्वतः शिकवते.

दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीत सगळे उभे होते. दादा आईची पाठ बघून बाहेर आला होता आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"ही जखम एका दिवसात होत नाही, असं डॉक्टर म्हणतात. तू कूस बदलत होतीस की मोबाइल बघत होतीस?"

"दादा, मी लगनाला गेलेली. आले तेव्हाच होती. माझ्याकडे फोटो हाये त्या दिवसाचा."

"दाखव."

रमिला फोनवर बोट फिरवत राहिली. वर, खाली, परत वर. तिचा लग्नाचा मांडव येऊन गेला, दोनदा.

वहिनी म्हणाल्या, "मुलगी चौथीत असताना नवरी व्हायची हौस. इथे म्हातारी कुजतेय."

"होता फोटो," रमिला म्हणाली. मग तिने मान वर केली. "ताई, तुमी बोला."

मी म्हटलं, "मी काय बोलू? मी क्लासला असते."

हे वाक्य मी म्हटलं. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

रमिला पिशवी भरून निघाली. आईच्या खोलीत गेली, काहीतरी बोलली, बाहेर आली. वहिनींनी ओळखीच्या घरी, पेशंटला बाया पुरवणाऱ्या माणसाला, सगळ्यांना तिथूनच फोन केले... हिला ठेवू नका. फोन ती घेऊन गेली. तो तिला दिलेलाच होता.

आईची अवस्था पुण्याला हलवण्यासारखी नव्हती. दादा-वहिनी थोडे दिवस राहून गेले. मी क्लासची एक बॅच दुसरीला देऊन घरी थांबले. आई विचारायची, "नवरी?" मी सांगायचे, "सुट्टीवर आहे."

आता इथून पुढचं.

रमिला गेल्यानंतरच्या आठवड्यात, एका दुपारी, सवयीने माझा हात त्या शॉर्टकटवर गेला. मला माहीत होतं की काही उघडणार नाही. फोन तलासरीला, त्या पाड्यावर वाय-फाय कुठलं? पण फोल्डर उघडलं. रमिलाचे जुने फोटो त्यात नव्हते, त्याच दिवसाच्या तारखेचा एकच फोटो होता.

आईची पाठ. चादर निळ्या फुलांची, जी मी त्या सकाळी घातली होती. सकाळी माझ्या हातून चहा सांडला होता, त्याचा डागही कडेला होता. फोटोच्या एका कोपऱ्यात गाऊन वर धरलेला हात, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. जखम तीच, पण तिच्या कडा गुलाबी झाल्या होत्या. भरायला लागलेल्या जखमेसारख्या.

मी उठून आईच्या खोलीत गेले. आई एकटी होती. गाऊन वर केला. जखम काळी होती, वास येत होता.

पहिला विचार असा आला, की रमिला आसपास आहे. वाय-फायच्या टप्प्यात आहे. मी चपला न घालता मागे गेले, चिकूखाली पाहिलं, विहिरीच्या कठड्यामागे पाहिलं, शेजारच्या काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "ती? ती कशाला तोंड दाखवतेय आता!" गेटला आतून कडी होती. राउटरमध्ये जोडलेल्या फोनची यादी बघितली. त्यात माझाच एक.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम जुनी केशरी चादर काढून घातली. ती कपाटात तळाशी होती, रमिलाने कधी पाहिलेलीही नव्हती. दुपारी फोल्डर उघडलं. नवा फोटो. केशरी चादर. जखम आदल्या दिवसापेक्षा लहान.

असं रोज. खोलीत जखम वाढत होती आणि फोल्डरमध्ये भरत होती. फोटो कॉपी करून घ्यायचा प्रयत्न केला, की फाइल यायची, पण रिकामी. मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला, तर स्क्रीन नुसती पांढरी. दादाला बोलावून दाखवायचं तर 'जुना फोन' म्हणजे काय ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी ते एकटीच बघत राहिले. भीती वाटली का, असं इथले वाचक विचारतील. नाही वाटली. आत कुणीतरी पंखा बंद केल्यासारखं झालं होतं, एवढंच. आईला औषध द्यायचं, ड्रेसिंग करायचं, कूस बदलायची, आता मी वेळेवर बदलत होते, आणि मग येऊन ती बरी होताना बघायची.

आई एका सकाळी गेली. मी तिला कुशीवर करत होते तेव्हाच गेली. मला कळलंही नाही, मी पाठीला पावडर लावत राहिले.

तेरावं झालं. दादा परत गेला. घर धुतलं, कॉट दुसऱ्या कुणाला देऊन टाकली. त्या दुपारी मी कॉम्प्युटर लावला. फोल्डर उघडलं.

आई कॉटवर बसली होती. पाय खाली सोडून. पुढच्या फोटोत मागच्या अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर चिकूची पाटी. मग पुढच्यात ती कुणाकडे तरी बघून हसतेय, आणि झटक्यानंतर वाकडं झालेलं तिचं तोंड जवळजवळ सरळ झालंय. सगळीकडे कधी बांगड्यांचा हात, कधी नुसतं मनगट. आमचंच घर, आमचंच अंगण. मी मात्र कुठे नव्हते. दारातल्या चपलांत माझ्या चपला नव्हत्या, दोरीवर माझे कपडे नव्हते.

त्या फोटोंपुढे मी किती दिवस बसले, ते सांगत नाही. मग एका सकाळी एसटीने चारोटी, तिथून जीपने तलासरी आणि नाक्यावरून उधव्याची शेअर इको गाडी पकडून गेले.

रमिलाच्या घराच्या भिंतीवर लग्नात काढलेला चौक अजून होता, तांदळाच्या पिठाने रंगवलेला, थोडा पुसट. तिने खुर्ची दिली, कोरा चहा दिला. सासू पडवीत बसून होती, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ केली.

"आजी गेली, कळलं मना," रमिला म्हणाली. "शेवटाला काय बोलली?"

"तुझं नाव काढत होती. नवरी म्हणून."

तिने माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी आता उमरगावला जाते, कंपनीत. पेशंटचं काम कोणी देत नाय. तिघांकडे गेले. तिघं बोलले, तुझ्याबद्दल फोन आलेला."

मी विचारलं, "तो फोन कुठे आहे गं? माझा जुना."

"मेला तो. इथून गेले... नाय, तुमच्याकडून निघाले त्याच दिवशी. चारोटीला जीपमध्ये चढताना पडला, वरून चाक गेलं." तिने मुलीला हाक मारली. मुलगी खेळण्यांच्या डब्यातून तो घेऊन आली. काच फुटलेली, मागचं झाकण नाही आणि आत बॅटरीच्या जागी पोकळी. "बॅटरी फुगली म्हणून ह्यांनी काढून फेकली. आता ही त्याच्यावर दुकान-दुकान खेळते."

मी तो फोन हातात धरून बसले. मग म्हटलं, "रमिला, ते फोटो मी पुसले होते."

"माहीत हाये."

"कसं?"

"हिरव्या साडीचं बोललात तेव्हाच कळलं, तुमी माझा फोन बघता. कसा बघता ते नाय कळलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर?"

"बोलले ना! 'ताई, तुमी बोला,' बोलले. आणखी काय बोलू?"

सासू भिंतीकडे तोंड करून तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. रमिलाने त्याचं मराठी केलं नाही.

"दादाला फोन लावा," रमिला म्हणाली. "इथून, माझ्यासमोर. रेंज हातपंपाजवळ येते."

हातपंपाजवळ बाया पाणी भरत होत्या. त्यांच्यासमोर मी स्पीकरवर सांगितलं, जखम माझ्या हाताखाली झाली, फोटो होता, तो मी पुसला. पलीकडे दादाने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "आता हे कशाला उकरून काढतेस? आई तर गेली."

रमिला पुढे वाकली. "साहेब, मी रमिला बोलते. मी नव्हतं केलं."

"...ठीक आहे," दादा म्हणाला आणि फोन ठेवला.

"ठीक आहे बोलले," रमिलाने बायांना सांगितलं. एकजण हसली. रमिला मला म्हणाली, "वहिनींना पण सांगा. फोन त्यांनी लावले होते, यांनी नाय."

त्यानंतर मी तिला फोल्डरचं सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. पण पुढच्या रविवारी ती आली.

दुपारची वेळ. मी शॉर्टकट उघडला आणि खुर्ची तिला दिली. तिने सगळे फोटो पाहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पुन्हा मागे. मला धाकधूक होती, की तिला काही दिसणारच नाही. तिला सगळं दिसलं.

"हात माझा हाये," ती हळूच म्हणाली. "पण ह्या बांगड्या तर कंपनीत घालू देत नाय. काढल्या मी कधीच्या." शेवटच्या फोटोवर ती थांबली. "आजी अशी बसली असती?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुसा."

"काय?"

"हे सगळं पुसा, ताई. आमच्यात माणूस गेलं की त्याचे दिवस करतात, गाणं गाऊन त्याला त्याच्या माणसांत पोचवून येतात. मग ते घरात राहत नाय. तुमी आजीला इथंच बसवून ठेवलंय. रोज बघता, म्हणून ती रोज बसते. तिला जाऊ दे."

मी सगळे एकदम सिलेक्ट करायला गेले. तिने माझं मनगट धरलं. "एकदम नको. एकेक करा. बघून करा."

मी शेवटच्या फोटोपासून सुरुवात केली. आई खुर्चीवरून उठून कॉटवर आली. कॉटवरून आडवी झाली. तोंड वाकडं झालं. मग पाठ, आणि बारीक व्रण. मग गुलाबी, मग लाल, दर क्लिकला जखम मोठी होत गेली. माझा हात थांबला की रमिला म्हणायची, "पुढे." ती ओरडली नाही, रडली नाही. मीही नाही. केशरी चादर गेली, निळ्या फुलांची गेली.

आणि मग फोल्डरमध्ये एकच फोटो उरला, जो मी पुसल्यापासून तिथे कधीच दिसला नव्हता. रमिला लग्नाहून आली त्या दिवसाचा. तारखेसकट. दारात उभी असलेली माझी सावली चादरीवर पडलेली.

"हा नाय पुसायचा," रमिला म्हणाली. "हा माझा."

ही फाइल मात्र कॉपी झाली. उघडली. प्रिंट निघाली. रमिलाने ती घडी करून पिशवीत ठेवली. मी तोच फोटो दादाला पाठवला, वहिनींना पाठवला, आणि वहिनींनी ज्यांना ज्यांना फोन केले होते त्या प्रत्येकाला. खाली माझ्या नावाने लिहिलं की हे माझ्याकडून झालं, तिच्याकडून नाही. काहींनी उत्तर दिलं नाही. एकाने नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला. वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. दादा सणाला फोन करतो.

त्या दिवसानंतर शॉर्टकट उघडत नाही. 'जोडता आलं नाही' एवढंच येतं, जे पहिल्यापासून यायला हवं होतं. नेटवर्किंग शिकवणाऱ्या एका ओळखीच्याला मी नावं न घेता विचारलं. तो म्हणाला, जुन्या फाइली साठून राहिल्या असतील. मी म्हटलं, ज्या दिवशी काढलेच नाहीत त्या दिवसाचे कसे साठतील? तो म्हणाला, "मॅडम, झोप होत नाही का तुमची?" कुणाला काही कारण सुचत असेल तर जरूर लिहा. मला आजपर्यंत सुचलेलं नाही. नुसता भास म्हणावा, तर दोघींना एकच कसा झाला?

रमिलाला काम मिळालं. नरपडला एक आजी आहेत, त्यांच्याकडे असते. बाजाराला आमच्या दारावरूनच जाते. थांबत नाही, मीही बोलावत नव्हते. परवा मात्र गेटपाशीच होते, तर म्हटलं, "रमिला, ये ना, चहा टाकते."

ती थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नको ताई," म्हणाली, "म्हातारीची कूस बदलायची वेळ झाली." आणि भरभर निघून गेली.